बिनशेऱ्याचा ए

निकाल लागला, बाईंना ए मिळाला, आणि त्या दिवसापासून बाईंचं कशात लक्ष लागेना.

आता ए मिळाल्यावर माणसानं चार जणांना फोन करावेत, मिरवावं, निदान आरशासमोर उभं राहून स्वतःचीच पाठ थोपटावी. पण बाई पडल्या हाडाच्या शिक्षिका. अर्धं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेलं. पेपर तपासताना त्यांच्या हातून उगाच अर्धा मार्क सुटायचा नाही. पोरं म्हणायची, बाईंच्या लाल पेनात शाई नसते, विष असतं. अशा या बाई चाळिशी उलटल्यावर शाळेतून बिनपगारी रजा घेऊन विद्यापीठात डॉक्टरेट करायला आल्या, तेव्हा वर्गातली निम्म्या वयाची मुलंही त्यांना बाईच म्हणायला लागली. तेच नाव चिकटलं. आपणही तेच वापरू.

विभागाची रीत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पहिलं वर्ष सगळ्यांनी वर्गात बसायचं, निबंध लिहायचे, ग्रेड घ्यायच्या. वर्ष संपताना मात्र कुणातरी प्राध्यापकानं पुढे होऊन म्हणायचं, हा विद्यार्थी मी घेतो, आणि सही करायची. सही झाली की डॉक्टरेटचा रस्ता मोकळा. नाही झाली तर हातात एक प्रमाणपत्र, आणि या आता. बाईंना सही हवी होती ती एकाच माणसाची. हे सर भिंतींवर वाढणाऱ्या शेवाळ्यांचा अभ्यास करायचे. त्यावर त्यांचं जाडजूड पुस्तक होतं, आणि बाईंनी ते शाळेत असल्यापासून इतक्यांदा वाचलं होतं की पानं सुटी झाली होती. सरांसाठीच तर त्या इथे आल्या होत्या. इकडे शाळेच्या मुख्याध्यापिकेनं स्पष्ट सांगितलं होतं, सुट्टी संपेपर्यंत जागा राखून ठेवते, पुढचं माझ्या हातात नाही. म्हणजे सही मिळाली तर सरांचं दार, नाहीतर निमूटपणे शाळेचं.

तर सरांच्या विषयात बाईंना ए मिळाला. पण सूचनाफलकावर पाहिलं तर सगळे ज्याला चष्मीश म्हणायचे तो एक मुलगा सोडून अख्ख्या वर्गाला ए. मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्याला ए. मुदत उलटून गेल्यावर निबंध आणून देणारीला ए. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. अख्खा वर्ग पहिला आला, असं कधी झालंय का? झालं असेल तर एक तर कॉपी झाली असणार, नाहीतर तपासणाऱ्यानं पेपर उघडलेच नसणार. इथे कॉपी करण्याइतकी कुणाला हौस नव्हती. मग राहिलं दुसरंच.

घरी आल्या आल्या बाईंनी निबंध जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि त्याचा पंचनामा सुरू केला. न वाचलेला पेपर कसा ओळखावा हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. वाचलेल्या पानाचा खालचा कोपरा जरा मऊ पडतो. पिन मारलेली असते तिथं घडी येते. वाचणारा चहाबाज असेल तर कुठंतरी कपाचं गोल उमटतं. इथे घडी होती, कोपरेही मऊ होते, म्हणजे पानं उलटली तरी होती. पण शेवटच्या पानावरचा तो बारीकसा ए सोडला तर कुठे अक्षर नाही, रेघ नाही, साधी बरोबरची खूणसुद्धा नाही. एवढी पानं वाचून माणसाला एकही शब्द लिहावासा वाटू नये?

नवरा नुकताच कामावरून येऊन हात धूत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यानं तिथूनच विचारलं की आता काय बिघडलं. बाईंनी सांगितलं, पण त्याला त्यात बिघाड दिसेना. त्याच्या धंद्यात तपासनिसानं काही न लिहिता सही ठोकून कागद परत दिला तर त्यासारखं सुख नाही. तक्रार नाही म्हणजे लिफ्ट चालू आहे, मग कशाला उगाच झाकण उघडतेस, असं तो म्हणाला. दहावीतल्या लेकीनं कपाळाला हात लावला. ए मिळाला म्हणून तोंड पाडून बसणारी आई जगात आपल्यालाच मिळावी, आणि असलं दुःख आपल्या वाट्याला मात्र कधी येऊ नये, याचं तिला फार वाईट वाटत होतं.

तेवढ्यात बाईंना तो ठिपका दिसला. मधल्या एका पानावर, समासात, पेन्सिलीचा बारीक ठिपका. आधी वाटलं, माशीची करामत असेल. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. पेन्सिलच होती. रबर फिरवून खात्री करता आली असती, पण हातातला एकुलता एक पुरावा पुसणार कोण?

झालं. त्या ठिपक्यानं बाईंचं डोकं पोखरायला सुरुवात केली. सर इथवर वाचत आले आणि इथे त्यांना डुलकी लागली? की इथे कुणी दार वाजवलं, आणि पुढचं वाचायचं राहिलं ते राहिलंच? की इथे एखादी चूक दिसली, पण शाळेतून आलेली वयस्क बाई आहे, कशाला तिला दुखवा, म्हणून पेन्सिल मागे घेतली? हा शेवटचा संशय बाईंना फार झोंबला. चुकीला मार्क कापणारा माणूस त्यांना चालला असता. कीव करून ए देणारा त्यांना सहन होण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या जिन्यात चष्मीश बसलेला होता. वर्गातला हा सगळ्यात लहान मुलगा, भिंगं एवढी जाड की त्याच्या डोळ्यांकडे बघताना आपल्यालाच गरगरावं. त्याला बी प्लस होता आणि त्याचे डोळे सुजले होते. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, पाठीवरून हात फिरवला आणि निबंध बघायला मागितला. बघितला मात्र, आणि त्यांचा जीव जळून गेला. पेन्सिलीनं पानं इतकी भरली होती की खालचा मजकूर शोधावा लागत होता. कशावरून? हे तुम्ही स्वतः मोजलंत का? मला पटत नाही. पुन्हा बघा. एका पानावर तर सरांनी समास संपला म्हणून कागद आडवा धरून लिहिलं होतं.

हा रडतोय, आणि मला याचा हेवा वाटतोय, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की लाजबीज फार वेळ टिकत नाही. लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला. एवढा वेळ सरांनी या पोरावर का घालवला? हा लाडका तर नाही? आणि लाडका असेल तर हे रडणं खरं की वरवरचं? बाईंनी बाटली परत घेतली ती जरा झटक्यानंच.

मग बाई तडक कार्यालयात गेल्या आणि फेरतपासणीचा अर्ज मागितला. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, काय मिळालंय? बाई म्हणाल्या, ए. कारकुनानं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि किती हवा होता ते विचारलं. बाई म्हणाल्या, खरा हवा होता. कारकून भला माणूस होता, त्यानं कपाट उघडून दोन गठ्ठे वरखाली केले आणि सांगितलं की कमी मिळाले म्हणून भांडायचा अर्ज आहे, जास्त मिळाले म्हणून भांडायचा अजून छापलेला नाही. मग खिडकीतून जवळ वाकून हळूच विचारलं, सरांशी काही वाजलंय का? बाई काही न बोलता निघाल्या. न बोलणं हेच उत्तर धरून कारकुनानं ते ज्याला त्याला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत विभागात बातमी फिरली की बाई सरांविरुद्ध तक्रार करताहेत.

ती ऐकून आजोबा धावत आला. आजोबा म्हणजे कुणी म्हातारा नव्हे. सरांचाच विद्यार्थी, पण डॉक्टरेट करता करता केस विरळ झाले आणि विभागातली माणसं येऊन जाऊन बदलली तरी हा आपला तिथेच, म्हणून आजोबा. त्यानं बाईंना प्रयोगशाळेत गाठलं आणि दार लोटून घेतलं.

"बाई, तुम्ही ए वाचताय शाळेच्या हिशेबानं," तो म्हणाला. "इथे ए म्हणजे हजेरी. ए मायनस म्हणजे जरा सांभाळा. बी प्लस म्हणजे कान धरला. आणि बी म्हणजे सामान बांधायला घ्या."

"मग हुशार कोण आणि ढ कोण, हे यांना कळतं कसं?"

"ते ग्रेडवर नसतंच. ते चहाच्या खोलीत ठरतं."

चहाची खोली म्हणजे प्राध्यापकांची बसायची खोली, जिन्याच्या टोकाला, विद्यार्थ्यांना मज्जाव. आजोबानं सांगितलं की सुट्टीच्या आधी सगळे तिथे जमतात, एकेका विद्यार्थ्याचं नाव निघतं, आणि कुणी म्हणालं की हा माझ्याकडे द्या, तर तो तरला. तिथे कोण काय बोललं हे बाहेर येत नाही आणि कुणी विचारायचंही नसतं. बाईंनीही विचारू नये, ए घेऊन गप्प बसावं, हा त्याचा सल्ला. सल्ला चांगला होता, पण बाईंना आता चांगल्याचाही वास यायला लागला होता. सरांकडे या वर्षी मोजक्याच जागा. मी सरांना भेटू नये, अशी याला एवढी कळकळ का? आणि दार कशाला लोटून घेतलं यानं?

म्हणून दुसऱ्या दिवशी बाई सरांच्या दारात उभ्या राहिल्या.

सरांची खोली म्हणजे विटांचं दुकान. खिडकीत विटा, कपाटावर विटा, खुर्चीत विटा, आणि प्रत्येकीवर हिरवं, पोपटी, तपकिरी असं काहीतरी उगवलेलं. सर एका विटेवर पिचकारीनं पाणी मारत होते. बाईंना बघून त्यांनी खुर्चीतली वीट उचलून जमिनीवर ठेवली आणि म्हणाले की माझ्याविरुद्ध तक्रार आहे असं ऐकतो. बाईंचे कान गरम झाले, पण आता मागे फिरायचं तरी कसं? त्यांनी सरळ विचारलं.

"सर, माझा निबंध तुम्ही वाचलात का?"

"वाचला. अगदी शेवटच्या संदर्भापर्यंत."

"आणि एकही चूक सापडली नाही?"

"कशी सापडेल?" सर म्हणाले. "माझंच पुस्तक आहे ते, तुम्ही नीट उतरवलंय. चूक व्हायला माणूस घराबाहेर तरी पडावा लागतो, बाई. तुम्ही जागेवरून उठलाच नाहीत."

बाईंनी मग ते पान काढलं आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. सरांना आधी आठवेना. त्यांनी पान जवळ धरलं, ओळ वाचली, आणि मग मान हलवली. त्या ओळीत बाईंनी लिहिलं होतं की हे शेवाळं सावलीतल्या भिंतींवरच वाढतं, मात्र काही ठिकाणी याउलटही आढळतं. सर म्हणाले की हे वाचलं आणि मी पेन्सिल टेकवली. वाटलं, आता बाई काहीतरी सांगणार. आणि पुढच्याच ओळीत तुम्ही लिहिलंत की तरीही सरांच्या पुस्तकातलं मतच ग्राह्य धरावं. मग काय, उचलली पेन्सिल.

बाई ठिपक्याकडे बघत राहिल्या. डुलकी नव्हती, दया नव्हती, कुणी दारही वाजवलं नव्हतं. मग त्यांनी जे विचारायचं नसतं तेच विचारलं.

"चहाच्या खोलीत माझं नाव निघालं का?"

सरांनी पिचकारी खाली ठेवली. "निघालं. सगळे म्हणाले, काही तक्रार नाही."

"आणि?"

"आणि पुढचं नाव घेतलं."

अशी मुलं बाईंनी शाळेत पाहिली होती. वही स्वच्छ, गृहपाठ वेळेवर, तक्रार म्हणून काही नाही, आणि वर्ष संपल्यावर नाव आठवायला जावं तर आठवत नाही. आपण त्यातल्या एक निघू असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि मग त्यांना राग आला. सरांचा आला, चहाच्या खोलीचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण ते याउलट आढळतं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

त्यांनी सरांना सांगितलं की तुमचं पुस्तक चुकलंय. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर दुपारभर ऊन असतं आणि त्या भिंतीवर हेच शेवाळं आहे, दरवर्षी असतं, मी डोळ्यांनी पाहत आलेय. सर म्हणाले, शक्य नाही. बाई म्हणाल्या, आहे. सर पुन्हा म्हणाले, शक्य नाही, पण या वेळी ते खुर्चीत पुढे सरकले होते.

"मग लिहिलं का नाहीत?"

"पेपर तपासणाऱ्याच्या विरुद्ध कुणी लिहितं का, सर?"

यावर सरांनी पिचकारी उचलून शेजारच्या विटेवर पाणी मारलं. मग म्हणाले की सुट्टी लागेपर्यंत माझी यादी उघडी आहे. ते शेवाळं आणा, त्यावर निबंध लिहा. पण हा निबंध जुन्याच्या जागी धरला जाईल, जुना ए जाईल, आणि मग तो परत मागायचा नाही. या वेळी खरंच तपासणार, हेही त्यांनी वर सांगून ठेवलं.

घरी जाताना बाईंना वाटेत आणखी एक शंका आली, ती यायचीच होती. हा सापळा तर नाही? काही तक्रार नाही म्हणून काढता येत नाही, म्हणून आता तक्रारीला जागा तयार करताहेत? नवऱ्यालाही ते काही पटलं नाही. सही ज्याच्याकडून हवी त्याच्याच पुस्तकाला चूक म्हणायचं, याला पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात, असं तो म्हणाला. हातातला ए सोडू नकोस, आहे त्यावर दुसरा कुणी प्राध्यापक बघ. बाई नुसत्या हूं म्हणाल्या. दुसरा कुणी नको होता, हे त्याला सांगून काय उपयोग?

शाळेची ती मागची भिंत म्हणजे डस्टर झटकायची जागा. पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी तिथे डस्टर आपटले होते, त्यामुळे विटांवर खडूचे पांढरे पट्टे आणि त्यांच्या मधून शेवाळ्याच्या गाद्या. बाईंनी सुरीनं एक गादी अलगद सोडवली आणि पाकिटात घातली. वरून ती पांढुरकी दिसत होती, खडूनं माखलेली. आता सरांच्या टेबलावर शाळेचा कचरा कशाला न्यायचा? बाईंनी घरी येऊन ती ताटलीत भिजवली आणि लेकीच्या जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं घासून काढली, पांढरं सगळं निघेपर्यंत. स्वच्छ, हिरवीगार, पुस्तकातल्या चित्रासारखी दिसायला लागली तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

मग त्या लिहायला बसल्या, आणि काय सांगावं, लिहिता येईना. आयुष्यभर मुलांना उत्तरं लिहायला शिकवलेल्या बाई, पण 'मला असं दिसलं' या शब्दांपुढे त्यांचा हात थांबायचा. मला दिसलं म्हणजे कोणाला? मी कोण? संदर्भ कुठला? तीन-चार वेळा त्यांनी ते खोडून सरांच्या पुस्तकाचं नाव घातलं आणि पुन्हा ते खोडून मला असं दिसलं लिहिलं. निबंध मागच्यापेक्षा निम्म्या जाडीचा झाला. बाईंनी तो सरांच्या खोलीत नेऊन दिला, त्या स्वच्छ गादीसकट.

काही दिवसांनी सरांचा निरोप आला. बाई गेल्या तर सर सूक्ष्मदर्शकावर वाकलेले. त्यांनी वर न बघता विचारलं की हे कशानं घासलंय? बाई म्हणाल्या की टूथब्रशनं धुतलंय, खडू होता त्यावर. सरांनी मान वर केली आणि कुठला खडू ते विचारलं. बाईंनी डस्टरची सगळी हकिकत सांगितली. सर ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते बाईंना कळेना. मग त्यांनी न धुतलेलं काही उरलंय का ते विचारलं. पाकिटाच्या तळाशी चिमूटभर चुरा होता. सरांनी तो काचपट्टीवर घेतला, भिंग जुळवलं आणि खुर्ची बाईंना दिली.

बाईंनी डोळा लावला. प्रत्येक इवल्या पानाच्या टोकाला एक पांढरा केस होता. पूड नव्हती, खडू नव्हता, पानाच्याच मधल्या शिरेतून निघालेला बारीक, चमकणारा केस.

"उन्हापासून बचाव म्हणून येतात ते," सर म्हणाले. "सावलीतल्या शेवाळ्याला नसतात. हे ते नव्हेच, बाई. हे त्याचं उन्हातलं भावंड. या केसांवरूनच तर दोघांना वेगळं ओळखायचं. आणि तुम्ही नेमके तेच घासून काढलेत."

बाईंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पुस्तक बरोबर होतं. सर बरोबर होते. सगळं आयुष्य खडूच्या धुळीत गेलेल्या बाईला पांढरं दिसलं म्हणजे खडूच दिसणार, आणि स्वच्छ मांडायची सवय एवढी की पुरावाच पुसून टाकला. त्या उठल्या. पिशवी उचलली. आता फक्त निबंध हातात घ्यायचा आणि बाहेर पडायचं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

निबंध पेन्सिलीनं काळा झाला होता. शेवटी लिहिलं होतं, बी.

आणि सर खणात काहीतरी शोधत होते. त्यांनी विभागाचा कागद काढला, त्यावर बाईंचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला. बाईंना काही समजेना. बी आणि सही, दोन्ही एकदम कसं, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले की बी निबंधाला आहे, सही तुम्हाला. सोमवारी या, त्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत काय काय आहे ते बघू. ब्रश मात्र घरी ठेवून या.

विभागात बी कळायला वेळ लागला नाही. आजोबा बाईंचा हात दाबून गेला. चष्मीश पाण्याची बाटली घेऊन आला आणि जिन्यात त्यांच्या शेजारी बसला. बाई सांगत होत्या की अरे, सही झालीय, पण तो म्हणाला, हो बाई, हो, पाणी प्या आधी.

घरी येऊन बाईंनी पहिला फोन मुख्याध्यापिकेला केला. तिनं निकाल विचारला. बाई म्हणाल्या, बी. मग मुख्याध्यापिका फार मऊ आवाजात म्हणाली की तुझी जागा आहे तशीच आहे, वेळापत्रकात नाव घातलंय, वाईट वाटून घेऊ नकोस. बाईंनी सांगितलं की नाव काढ, ती जागा दुसऱ्या कुणाला दे, मी येत नाही. यावर मुख्याध्यापिकेनं घरी सगळं ठीक आहे ना ते विचारलं, मग पुन्हा विचारलं, आणि कुणी बाजूला उभं आहे का, तुला मोकळेपणानं बोलता येतंय ना, असंही विचारलं. बाईंनी फोन ठेवला. इतक्या वर्षांची शाळा दोन वाक्यांत सुटली होती, आणि तीही बी मिळाल्यावर.

तेवढ्यात नवरा कामावरून आला. टेबलावर निबंध उघडा पडला होता. त्यानं तो उचलला आणि उभ्या उभ्या चाळायला लागला. कशावरून? शक्य नाही. नीट बघा. का घासलंत? पानामागून पान, आणि शेवटी तो बी. तो खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसला.

"खरं सांग," तो म्हणाला. "काढलं ना तुला?"

बाईंना हसू फुटलं. सही झालीय, सर म्हणाले सोमवारी या, असं त्यांना सांगायचं होतं, पण हसता हसताच त्यांना रडू कोसळलं आणि सांगायचं राहूनच गेलं. मग तर नवऱ्याची खात्रीच पटली. त्यानं निबंध मिटला, लेकीला टीव्ही बंद करायची खूण केली आणि बाईंचा हात हातात घेतला.

"असू दे," तो म्हणाला. "शाळा आहेच की आपली."